डाव्या डोळ्यातली चमक

स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणत. घरात ती आत्या होती, आणि ही गोष्ट घरातल्या पोरीची असल्यामुळे आपणही तिला आत्याच म्हणू. आत्याचं काम काय, तर फोटोत नको असलेली चमक, झळाळी, प्रतिबिंबं कॉम्प्युटरवर बसून काढून टाकणं. ऐकायला सोपं वाटतं. वाटू दे. एकदा चष्मेवाल्या पन्नास माणसांचा ग्रुप फोटो पुढ्यात घेऊन बसा, प्रत्येकाच्या काचेत समोरची खिडकी उमटलेली, आणि मग सांगा मला सोपं आहे का ते.

फोटो काढायचे मालक. माणूस मनाने चांगला, पण पोट असं की ज्या वस्तूचा फोटो काढायचा तिच्यात ते आधी हजर. स्टीलच्या किटलीत मालकांचं पोट, मोटारीच्या दारावर मालकांचं पोट, दुकानाच्या काचेत पोट आणि वर कॅमेरा. "तुमचं पोट पुसून पुसून माझा हात मोडायला आलाय," ती म्हणायची. "पूस, पूस," मालक म्हणायचे, "प्रत्यक्षात कमी होत नाही, निदान फोटोत तरी होऊ दे."

पण डोळे हा आत्याचा खरा हातखंडा. फ्लॅशमुळे बाहुल्या लाल झाल्या तर त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बटणच असतं. दाबलं की लालाचं काळं. चष्म्याच्या काचेने डोळा खाऊन टाकला असेल तर मात्र हाताने काम. चांगला डोळा उचलायचा, आरशातल्यासारखा उलटा करायचा आणि बिघडलेल्या जागी बसवायचा. उलटा केला की बाहुलीतला दिव्याचा ठिपका भलत्या बाजूला जातो, तो परत जागेवर आणायचा. तो विसरला तर भलाचांगला माणूस चकणा दिसतो. आत्या कधी विसरली नाही. तिने बसवलेला डोळा खुद्द त्या माणसाच्या आईलाही ओळखू यायचा नाही, आणि याचा तिला अभिमान होता. लपवून ठेवण्याइतका लहान नव्हे, चांगला ऐसपैस अभिमान.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. एका डोळ्यांच्या दवाखान्याचं पोस्टर तिने आदल्या दिवशी करून पाठवलं होतं. पाच-सहा फोटो होते, ते साफसूफ करून मोठे करायचे, खाली मजकूर टाकायचा. फोनवर तिथल्या डॉक्टरीणबाई होत्या.

"पोस्टर कोणी केलं?"

"मी केलं. काही राहिलं का?"

"राहिलं? अहो, काहीच राहिलं नाही, तेच सांगतेय! तिसऱ्या फोटोतलं पोर तुम्ही ठणठणीत बरं करून टाकलंत. मी पंचवीस वर्षं डोळे तपासतेय, मला नाही जमलं कधी."

आत्याने तिसरा फोटो उघडला. दीडेक वर्षाचं बाळ, एका डोळ्याची बाहुली पांढरी फटक उजळलेली. तिने नेहमीसारखा दुसरा डोळा उचलून बसवला होता. झकास बसला होता.

"ते... फ्लॅशची चमक होती ना?"

"चमक नव्हे हो, आजार होता! आईबापांनी तेवढी एक गोष्ट बघावी म्हणून मी भिंतीवर पोस्टर लावतेय, आणि तुम्ही नेमकी तीच पुसलीत. खालचा मजकूर तरी वाचायचा!"

मजकूर तिने वाचला नव्हता. मजकुराची ती अक्षरं बघायची. मोठी आहेत की लहान, ओळीत आहेत की नाहीत. बाईंचा चढा आवाज मालक पलीकडच्या टेबलावरून ऐकत होते, ते पोट हलवत हसायला लागले. "खोडरबर, आता दवाखाना काढ," म्हणाले. आत्यालाही हसू आलं. चूकच अशी की हसू यावं. "माफ करा बाई," ती म्हणाली, "तासाभरात नवीन पाठवते. पण मला सांगा, फ्लॅशने सगळ्यांचेच डोळे चमकतात की."

"लाल चमकतात. निरोगी डोळा फ्लॅशमध्ये लाल दिसतो. एक लाल आणि एक पांढरा दिसला, की डॉक्टरकडे धावायचं. कधी मोतीबिंदू निघतो, कधी नुसता कॅमेऱ्याचा कोन असतो, काहीच नसतं. आणि कधी गाठ असते. लहान पोरांच्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर. वेळेत सापडली तर डोळासुद्धा वाचतो. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, आणि फारच उशीर झाला तर पोर हाताला लागत नाही. कळलं आता? तो पांढरा ठिपका ठळक ठेवा."

फोन बंद झाला. मालक अजून हसतच होते. आत्याचं हसू मात्र गालावरच वाळलं होतं.

कारण तिला बटण आठवलं. लाल घालवायचं बटण फक्त लाल ओळखतं. भिंगरीच्या फोटोंत ते उजव्या डोळ्यावर बरोबर चालायचं, आणि डाव्यावर चालायचंच नाही. "मेलं सॉफ्टवेअर," म्हणून आत्या चिडायची आणि डावा डोळा हाताने बसवायची. कितीदा बसवला असेल?

भिंगरी म्हणजे तिच्या दादाची मुलगी. खरं नाव वेगळं, पण जन्मल्यापासून एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. अजून तीन वर्षांची व्हायची होती. आत्याने लग्न केलं नव्हतं. तिचा सगळा जीव त्या पोरीत. दर रविवारी स्टुडिओचा मोठा कॅमेरा घेऊन ती दादाकडे जायची, पन्नास फोटो काढायची, त्यातले पाचेक निवडून, साफ करून सोमवारी पाठवायची. वहिनीनेही आपल्या फोनवर काही काढलं तर आधी आत्याकडे यायचं, "जरा साफ करून दे गं," म्हणून. साफ झालेला आला की ती जुना फोनमधून काढून टाकायची. घराण्यात पोरीचा एक फोटो असा नव्हता की ज्यावरून आत्याचा हात फिरला नाही.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर तिला खुर्चीत नीट बसवेना. दोन महिन्यांपूर्वी वहिनीने विचारलं होतं. भांडी पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं.

"अगं, भिंगरीचा डावा डोळा कधी कधी मांजरासारखा चमकतो. तुला कधी दिसलं का?"

"फ्लॅशने होतं गं तसं. माझा अर्धा जन्म तेच पुसण्यात गेलाय."

"पण फ्लॅश नव्हता. संध्याकाळी दिव्याखाली खेळत होती."

"दिवा काय आणि फ्लॅश काय, उजेड तो उजेडच. तू पण ना वहिनी, नसत्या शंका काढतेस."

वहिनीने पुढचं भांडं उचललं होतं. नणंद डोळ्यांच्या कामात तरबेज, ती सांगतेय म्हटल्यावर बाई काय बोलणार? शिवाय सगळे फोटो काढून बघितले असतील तिने. सगळ्यांत पोरीचे दोन्ही डोळे काळेभोर.

"मालक, मला जरा काम आहे," आत्या म्हणाली. आवाज असा निघाला की मालकांचं हसणं थांबलं.

तिने भिंगरीचं फोल्डर उघडलं. साडेसातशे फोटो. एकेक मोठा करून बघायला लागली. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. उजवा डोळा, डावा डोळा, सारखे. इतके सारखे की आता तिला त्यांची भीती वाटायला लागली. तिची कामाची पद्धतच तशी होती. दुरुस्ती करताना मूळ फोटोवर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखा थर घ्यायचा, त्याला लेयर म्हणतात. त्याच्यावर काम करायचं. काम झालं की सगळे लेयर एकत्र चेपायचे आणि जुन्या फाइलवरच सेव्ह करून टाकायचं. गिऱ्हाइकांच्या कामात ती मूळ फाइल जपून ठेवी. घरच्या फोटोंना कशाला? जागा खातात. कॅमेऱ्यातलं कार्ड दर सोमवारी पुसलं जायचं.

कदाचित नुसता कोन असेल, असं ती स्वतःला सांगत होती. बाईच म्हणाल्या ना, नुसता कोन असतो कधी. एकदोनदाच झालं असेल. मग कशाला वहिनीच्या तोंडचं पाणी पळवायचं? आधी खात्री करून घ्यावी.

खात्री कशावरून करणार? सगळं तर तिनेच पुसलेलं.

आणि मग कॅलेंडर आठवलं. नव्या वर्षाला तिने दादासाठी एक कॅलेंडर छापून घेतलं होतं. सरलेल्या वर्षातले भिंगरीचे बारा फोटो, जानेवारीचा जानेवारीला, फेब्रुवारीचा फेब्रुवारीला, अशा क्रमाने. त्याची फाइल छापखान्याने लेयरसकट मागितली होती, रंग त्यांना जुळवायचे होते म्हणून. ती फाइल चेपलेली नव्हती.

फाइल उघडायला मिनिटभर लागलं. आत्याने ते मिनिट दोन्ही हात मांडीखाली दाबून काढलं.

जानेवारी. दुरुस्तीचे लेयर तिने एकेक करून बंद केले. खाली मूळ फोटो आला. दोन्ही बाहुल्या लाल. फेब्रुवारी, दोन्ही लाल. मार्च, एप्रिल, मे. मेमध्ये पोरगी डोळे मिटून शिंकत होती. जून, दोन्ही लाल. जुलै, दोन्ही लाल. आत्याने श्वास सोडला. "उगाच," ती पुटपुटली.

ऑगस्ट. उजवी लाल, आणि डावीच्या कडेला दाण्याएवढा पांढरा ठिपका.

सप्टेंबरमध्ये पोरगी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ऑक्टोबर, पांढरं पाव बाहुलीपर्यंत आलेलं. नोव्हेंबर, निम्मं. डिसेंबरचा लेयर बंद करताना माउस दोनदा घसरला. डिसेंबरमध्ये डावी बाहुली जवळजवळ सगळीच पांढरी होती, आणि भिंगरी तोंड भरून हसत होती.

आता एप्रिल चालू होता.

तिने दवाखान्याला फोन लावला. "बाई, मी पोस्टरवाली. पोस्टरचं नाही बोलत. माझी भाची आहे, पावणेतीन वर्षांची. तिचा डावा डोळा... तसा दिसतो."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "दरवेळी डावाच?"

"डावाच."

"मी दोन वाजता दुसऱ्या गावी ऑपरेशनला निघते. त्याआधी घेऊन या. उद्यावर टाकू नका."

अकरा चाळीस झाले होते. आत्याने लॅपटॉपवर कॅलेंडरची फाइल घेतली, मालकांना "पोस्टर नंतर" एवढंच म्हणाली आणि जिना उतरली. मालकांनी एक शब्द विचारला नाही, हे त्यांचे उपकार.

दादा कामासाठी परगावी गेला होता, घरी वहिनी आणि भिंगरी दोघीच. दारात आत्याला बघून पोरगी धावत आली आणि वाटेत डाव्या बाजूच्या स्टुलावर आपटली. "अशीच धडपडते हल्ली," वहिनी म्हणाली. "बघून चालत नाही कार्टी. तू कशी काय आज या वेळेला?"

आत्याने वाटेत सगळं ठरवलं होतं. मी पुसत होते, असं आधी सांगायचं, मग बाकीचं. पण वहिनीचा तो साबण लागलेला हात, गालावर चिकटलेली बट, आणि पोरगी पायाला मिठी मारून... तोंडातून निघालं ते भलतंच.

"वहिनी, तू मागे म्हणाली होतीस ना, हिचा डोळा चमकतो. मला आज एक डॉक्टरीणबाई भेटल्या. दाखवून घ्या म्हणाल्या. आत्ताच."

"काय आहे? काही वाईट आहे का?"

"तपासल्याशिवाय काय सांगणार? चल तू."

वहिनीने हात पुसले, पोरीला चपला घातल्या आणि कुलूप लावलं. हे सगळं ती न बोलता, भराभर करत होती, आणि आत्याला कळलं की ही दोन महिने मनातून घाबरलेलीच आहे.

टॅक्सीत भिंगरी मध्ये बसून बिस्कीट खात होती. लॅपटॉप आत्याच्या मांडीवर. रस्त्यात एका ठिकाणी खोदकाम चाललेलं, गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बारा वाजून दहा मिनिटं झाली. वहिनीने पोरीच्या डोक्यावरून हात पलीकडे नेला आणि आत्याचा हात धरला.

"बरं झालं तुझ्या लक्षात राहिलं. मी तर विसरूनच गेले असते. सगळे फोटो बघितले ना मी त्या दिवशी, म्हटलं, फोटोत तर काही नाही, मग मलाच भास झाला असेल."

चटका बसल्यासारखं आत्याला झालं. हात सोडवून घ्यावासा वाटला, पण सोडवून घेतला असता तर कारण सांगावं लागलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, तिच्या मनात एक नीच विचार येऊन गेला. या फाइलमधले मूळ फोटो आपल्याशिवाय कुणी बघितलेले नाहीत. उघडायची, बारा ठिकाणी लेयर चेपायचे, सेव्ह करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग कुणालाच काही कळायचं नाही. पोरीला घेऊन वेळेवर धावली ती आत्या, एवढंच घरात राहील. विचार आला आणि ती स्वतःलाच घाबरली. पण विचार गेला नाही, टॅक्सीतून उतरेपर्यंत तिथेच बसून राहिला.

डॉक्टरीणबाई बुटक्या, केस कापलेल्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी भिंगरीच्या दोन्ही डोळ्यांवर लांबून उजेड टाकून बघितलं. मग उजवा डोळा हाताने झाकला, तशी पोरगी रडून ओरडून हात झिडकारायला लागली. डावा झाकला, तर ती मजेत टेबलावरचं खेळणं उचलायला गेली. वहिनी हे बघत होती. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. अर्धा तास बाहेर बाकावर बसायचं. भिंगरीला उजेड सोसेना, ती आईच्या पदरात तोंड खुपसून बसली. समोरच्या भिंतीवर पोस्टरसाठी जागा मोकळी सोडलेली होती, चार खिळे मारून. आत्याने त्या खिळ्यांकडे पुन्हा बघितलं नाही.

मग आत बोलावलं. मोठं भिंग, डोक्याला लावलेला दिवा, डोळ्यावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र. एका बाईने पोरीला चादरीत गुंडाळून धरलं होतं आणि ती टाहो फोडत होती. सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, खुर्ची ओढून वहिनीच्या अगदी जवळ बसल्या.

"डाव्या डोळ्यात गाठ आहे. मोठी आहे. उजवा स्वच्छ आहे, ही चांगली गोष्ट. स्कॅन केल्याशिवाय मी शपथेवर काही सांगणार नाही. आज मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देते, मी स्वतः फोन करते. आता मला नीट आठवून सांगा, हे कधीपासून आहे?"

वहिनीने पोरीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "दोन महिने. दोन महिन्यांपूर्वी मला पहिल्यांदा वाटलं."

"फोटोत त्याआधी कधी दिसलं? जुने फोटो आहेत?"

"आहेत की. खूप आहेत. एकातही नाही." वहिनीने फोन काढला. घाईघाईने बोट फिरवत एकेक दाखवायला लागली. "हा फेब्रुवारीचा. हा जानेवारीचा, हा बघा, फ्लॅशचा आहे. दोन्ही डोळे नीट आहेत ना? हा डिसेंबरचा."

डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, पुन्हा पुन्हा बघितला. कपाळाला आठी पडली.

"फेब्रुवारीत दोन्ही इतके नीट? मग ही दोन महिन्यांत एवढी वाढली? असं असेल तर फारच झपाट्याने चाललीय. तशी गाठ असेल तर ती बाहेर पसरली असं धरूनच मला तिकडे कळवावं लागेल. मग औषधांचा मारा आधी, तोही जबर. एवढ्याशा जिवाला ते सोसणं..." त्या थांबल्या. "फोटो खरे आहेत ना हे? मूळचे आहेत?"

"मूळचेच आहेत," वहिनी म्हणाली. साफ करणं म्हणजे रंग उजळणं, एवढंच तिला माहीत होतं.

खोलीत भिंगरीचे हुंदके तेवढे ऐकू येत होते. आता गप्प बसलं तर आपण मेलेलं बरं, हे आत्याला स्वच्छ कळत होतं, आणि तरी जीभ उचलत नव्हती. एवढी भित्री आपण आहोत हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"मूळचे नाहीत," ती म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"मी पुसलेत. सगळ्या फोटोंतून. मला फ्लॅशची चमक वाटली. उजवा डोळा उचलून डाव्याच्या जागी बसवत होते मी. फोटोत जो दिसतोय तो डावा डोळा नाहीच, उजवाच आहे तो."

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि उघडला. वहिनीकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून पडद्याकडे बघत बोलत राहिली. हा जुलै, काही नाही. हा ऑगस्ट. लेयर बंद केला. ठिपका दिसला. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. प्रत्येक वेळी आधी तिचा सुंदर डोळा दिसायचा, मग माउसचा एक आवाज, आणि खालचा खरा डोळा.

डॉक्टरीणबाई पुढे वाकून बघत होत्या. "ऑगस्ट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे आठ महिने. सावकाश वाढलीय." त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि नवीन लिहिलं. "हे बरं झालं कळलं. याने बराच फरक पडतो. आठ महिन्यांत अजून आतच असेल, तर पोरगी वाचेल. मला तशी आशा आहे."

"आणि डोळा?" वहिनीने विचारलं.

"डोळा काढावा लागेल, बहुतेक. आता त्याला वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही."

"ऑगस्टमध्ये आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. "तेव्हा गाठ लहान होती," एवढंच म्हणाल्या, आणि फोन करायला बाहेर गेल्या.

वहिनीने पोरीला खांद्यावर घेतलं. थोपटत थोपटत खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आत्या उभी होती. रडायला यावं तर तेही येत नव्हतं; आपण इथे रडणं म्हणजे निर्लज्जपणा, असं तिला वाटत होतं.

"मी तुला विचारलं होतं," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"फ्लॅश नव्हता, असंसुद्धा सांगितलं होतं."

"हो."

"आणि तू मला वेड्यात काढलंस."

"काढलं, वहिनी."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते आत्याला पुढे कितीतरी दिवस सांगता आलं नाही. राग होता, तो तर होताच. ती तोंडात मारेल असं आत्याला वाटलं आणि ती तयारही होती. पण वहिनी बाकावर बसली, पोरीला मांडीवर सरळ बसवलं, तिचं नाक पुसलं, केस मागे सारले. उजेडाकडे पाठ केली म्हणून पोरीने डोळे उघडले.

"हिचा फोटो काढ," वहिनी म्हणाली.

"काय?"

"फोटो काढ हिचा. दोन्ही डोळे आहेत तोवर. तुझ्या फोनने काढ, फ्लॅश लाव. माझ्याकडे माझ्या पोरीचा एक खरा फोटो नाही."

आत्याने फोन काढला. तिने कोपर भिंतीला टेकवलं. "भिंगरे, इकडे बघ," ती म्हणाली, दर रविवारी म्हणायची तशी. थेंबांनी बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या झालेल्या. रडून नाक लाल झालेलं. तरी आत्याचा आवाज ऐकून पोरगी हसली, आणि फ्लॅश पडला.

फोटो पडद्यावर आला. उजवा डोळा लाल, डावा पांढराशुभ्र, आणि त्यांच्या मध्ये भिंगरीचं हसू.

"पाठव मला," वहिनी म्हणाली. "आणि त्याला हात लावू नकोस."

आत्याने तो तसाच पाठवला. वहिनीच्या पिशवीत फोन वाजला.